खंबीर मन कुठून येते? विद्यार्थी, ऋण आणि कृतज्ञता

आजच्या विद्यार्थ्यांना आपण एक वाक्य फार ऐकवतो : ‘सकारात्मक राहा.’ परीक्षेत अपयश आलेल्या मुलाला एवढे सांगितले की आपण मोकळे होतो. पण मन खंबीर होते कशाने? याचे उत्तर शोधायला आज आपण महाराष्ट्राच्या शैक्षणिक इतिहासातल्या दोन माणसांकडे जाऊ. दोघांचीही नावे आपल्याला पाठ आहेत. त्यामुळेच कदाचित त्यांच्याकडे नीट पाहायचे राहून जाते.

पहिले धोंडो केशव कर्वे. साल १८७५. कोकणातल्या मुरूडचा हा मुलगा सहावीच्या परीक्षेसाठी सह्याद्री ओलांडून शंभराहून अधिक मैल पायी साताऱ्याला गेला. तिथे काय झाले? वय सतरा होते, पण अंगाने लहानखुरा दिसतो म्हणून त्याला परीक्षेला बसूच दिले नाही! आल्या वाटेने परत. पुढे कोल्हापूरला जाऊन त्याने ती परीक्षा दिली आणि पास झाला. मॅट्रिक झाला १८८१ साली, तेविसाव्या वर्षी. आजच्या हिशेबाने हा मुलगा ‘मागे पडलेला’च ठरला असता.

ही चिकाटीची गोष्ट आपण सांगतो आणि इथेच थांबतो. खरे तर पुढचे अधिक महत्त्वाचे आहे. हातात पैसा येऊ लागल्यावर कर्व्यांनी मिळकतीतला ठरावीक वाटा बाजूला काढून गावासाठी ‘मुरूड फंड’ सुरू केला. ज्या गावाने घडवले, त्याचे आपण देणे लागतो, ही ती भावना. १८९३ साली त्यांनी विधवेशी विवाह केला आणि त्याच गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. पण देणे लागतो ही जाणीव बहिष्काराने पुसली गेली नाही. तिचा परीघ वाढला. पुढे हिंगण्याचा आश्रम उभा राहिला, १९१६ साली महिला विद्यापीठ निघाले.

आता दुसरी बाजू पाहू. त्या काळी पुण्यात गरीब विद्यार्थी वार लावून जेवत. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी. कुणी माधुकरी मागे. पण ही दारे कुणासाठी उघडी होती? मुख्यतः ब्राह्मण मुलांसाठी. खेड्यातल्या शेतकऱ्याच्या, दलिताच्या मुलाने कितीही जिद्द धरली, तरी त्याने जेवायचे कुठे?

हा प्रश्न ओळखला भाऊराव पाटलांनी. १९१९ साली काले या गावी रयत शिक्षण संस्था सुरू झाली. १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह निघाले. १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहूंचे नाव मिळाले. निरनिराळ्या जातींची मुले तिथे एकत्र राहत, एका पंगतीला बसत, कष्टाची कामे करीत आणि शिकत. धान्य गावोगावच्या रयतेकडून येई. आणि जेव्हा कोठी रिकामी झाली, तेव्हा लक्ष्मीबाईंनी मुलांच्या भाकरीसाठी अंगावरचे दागिने दिले, मंगळसूत्रसुद्धा. त्या १९३० साली वारल्या. महाविद्यालये, मोठ्या इमारती त्यांनी पाहिल्याच नाहीत.

आता तत्त्वज्ञानाच्या बाजूने बघा. ‘कृतज्ञ’ या शब्दाचा अर्थ काय? ‘कृत’ म्हणजे केलेले आणि ‘ज्ञ’ म्हणजे जाणणारा. आपल्यासाठी कुणी काय केले हे ज्याला ठाऊक आहे, तो कृतज्ञ. म्हणजे कृतज्ञता ही आधी जाणीव आहे, भावना नंतर. लक्ष्मीबाईंचे ऋण त्यांना परत करणे कुणालाच शक्य नव्हते. मग ते फेडायचे कसे? पुढच्या मुलाला हात देऊन. ज्याला हे उमगले तो पडला तरी एकटा पडत नाही. आपल्यामागे माणसे आहेत आणि पुढेही कुणीतरी आहे, हे त्याला माहीत असते. आमच्या मते खंबीरपणा इथून येतो.

आज सदाशिव पेठेत, जिथे एकेकाळी वार लागत, तिथल्या अभ्यासिकांमध्ये हजारो मुले स्पर्धा परीक्षांची तयारी करत बसलेली आहेत. जागा थोड्या, उमेदवार अफाट. बहुतेकांच्या वाट्याला अपयश येणार हे गणितच आहे. मेसचा डबा दोघांत वाटून खाणारी मुले त्यांत आहेत. घरी फोनवर ‘सगळं बरं आहे’ म्हणणारीही आहेत. अशा मुलाला ‘आई-बापाच्या कष्टांची जाण ठेव’ असे आपण पुन्हा पुन्हा बजावतो, तेव्हा कृतज्ञतेचे ओझे होते. तो आणखी गप्प होतो. हे धोक्याचे आहे.

कृतज्ञता मागून मिळत नाही, मंडळी. भाऊरावांनी मुलांना आधी भाकरी दिली, काम दिले, सोबती दिले. धडा त्यातूनच मिळाला. तेव्हा निकालाच्या दिवशी नातवाला, शेजारच्या मुलीला उपदेश करण्याआधी एवढे विचारा : ‘जेवलास का? जेवलीस का?’ मग शेजारी बसा. आणि थोड्या दिवसांनी तिच्याकडे एखादे लहान मूल शिकायला पाठवा. आपण कुणाच्या तरी उपयोगी पडतो, हे तिला स्वतःच कळू द्या.