गोल्ड स्टार: दुकानातली गाडी, ट्रॅकवरची गाडी

धागा. दुकानातून नवीकोरी स्पोर्ट्स मोटारसायकल विकत घ्यावी आणि ती ट्रॅकवर उतरवावी, ही इच्छा आज कितीतरी तरुणांच्या मनात असते. या इच्छेला मोठा इतिहास आहे आणि त्याच्या मध्यभागी एक वादग्रस्त प्रश्न आहे: 'दुकानातली गाडी' म्हणजे नेमकी कोणती, हे ठरवायचे कोणी? या प्रश्नापायी एक अख्खी शर्यत बंद पडली. आजची कथा तिची.

आरंभ १९०७ मध्ये. ब्रिटनमध्ये १९०३ च्या कायद्याने रस्त्यावर ताशी २० मैलांची, म्हणजे सुमारे ३२ किलोमीटरची मर्यादा होती. सार्वजनिक रस्ता अडवून शर्यत भरवणे तिथे अशक्यच होते. यातून दोन वाटा निघाल्या. पहिली वाट आयरिश समुद्रातल्या आइल ऑफ मॅन या बेटाची. या बेटाला स्वतःचे कायदेमंडळ असल्यामुळे शर्यतीसाठी रस्ते बंद ठेवण्याची परवानगी मिळू शकली. दुसरी वाट ह्यू लॉक किंग या जमीनदाराने वेब्रिजजवळच्या आपल्या जमिनीवर बांधून घेतली. तिचे नाव ब्रुकलँड्स. सुमारे ३० मीटर रुंद, वळणांवर भिंतीसारखे उचललेले आणि एका फेरीत साधारण साडेचार किलोमीटर भरणारे हे काँक्रीटचे कडे म्हणजे केवळ मोटारशर्यतींसाठी जगात पहिल्यांदाच उभारलेली अशी वास्तू होती.

बेटावरच्या शर्यतीचे नाव 'टूरिस्ट ट्रॉफी', म्हणजे प्रवाशांचा करंडक. हे नाव वरवरचे नव्हते. २८ मे १९०७ च्या पहिल्या शर्यतीत प्रत्येक गाडीला सायलेन्सर, मडगार्ड, खोगीर आणि पायडल असणे बंधनकारक होते. शिवाय इंधनाचीही अट होती. एका सिलिंडरच्या गाडीने गॅलनमागे किमान ९० मैल आणि दोन सिलिंडरच्या गाडीने ७५ मैल जायचे. आपल्या हिशेबात पहिला आकडा लिटरला जवळजवळ ३२ किलोमीटर होतो. 'मायलेज किती देते?' या आपल्याकडच्या प्रश्नाला हसणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. जगातल्या सर्वांत प्रसिद्ध मोटारसायकल शर्यतीचा पहिला नियम तोच प्रश्न विचारत होता! एक सिलिंडरच्या गटात मॅचलेस गाडीवर चार्ली कॉलियर जिंकला. त्याची सरासरी होती ताशी ३८.२१ मैल.

हा संयम दोन वर्षेच टिकला. १९०९ मध्ये इंधनाची अट गेली, सायलेन्सरही गेले. पुढे तीन दशकांत या शर्यतीतल्या अव्वल गाड्या कारखान्यांच्या खास कार्यशाळांत घडू लागल्या. सामान्य ग्राहकाने त्या फक्त पाहायच्या.

आता ब्रुकलँड्सकडे वळू. तिथे ब्रिटिश मोटार सायकल रेसिंग क्लब शर्यती भरवत असे. जो स्वार शर्यतीत ताशी १०० मैलांहून अधिक वेगाने फेरी पूर्ण करील, त्याला क्लबकडून सोन्याचा छोटा तारा मिळे. कोटाला लावण्याच्या या टाचणीएवढ्या वस्तूची प्रतिष्ठा मोठ्या करंडकाहून कमी नव्हती.

३० जून १९३७ रोजी वॉल हँडली या स्वाराने बीएसए कंपनीच्या ५०० सीसी 'एम्पायर स्टार'वर हा तारा मिळवला. बीएसए म्हणजे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स. १८६१ मध्ये बंदुका बनवण्यासाठी स्थापन झालेली ही कंपनी. तिच्या बोधचिन्हातही तीन बंदुका होत्या. (आपल्या पिढीला ही अक्षरे सायकलवर पाहून ठाऊक आहेत.) पुढल्याच वर्षी कंपनीने 'गोल्ड स्टार' या नावाची नवी गाडी विक्रीस काढली.

इथे जरा थांबावेसे वाटते, कारण जाहिरातीत हा प्रसंग फार सरळ दिसतो: आमची गाडी शंभराच्या पुढे गेली, ती तुम्हीही घ्या. प्रत्यक्षात हँडलीची गाडी त्या दिवसासाठी विशेष तयार केलेली होती आणि पेट्रोलवर नव्हे, तर अल्कोहोलयुक्त इंधनावर धावत होती. स्वारही काही हौशी ग्राहक नव्हता. १९२५ मध्ये एकाच आठवड्यात टूरिस्ट ट्रॉफीच्या दोन शर्यती जिंकणारा हा निष्णात गडी होता. म्हणजे दुकानातल्या गाडीला ज्या पराक्रमाचे नाव मिळाले, तो पराक्रम दुकानातल्या गाडीचा नव्हता.

मग युद्ध आले. ब्रुकलँड्सच्या आवारात विमाने बनू लागली आणि तिथल्या शर्यती कायमच्या थांबल्या. हँडली १९४१ मध्ये विमाने पोहोचवण्याच्या सेवेत असताना अपघातात मरण पावला.

युद्धानंतर, १९४७ मध्ये, आइल ऑफ मॅनवर 'क्लबमन्स' शर्यत सुरू झाली. माझ्या मते मोटारसायकलच्या इतिहासातल्या सर्वांत लोकाभिमुख कल्पनांपैकी ही एक. कारखान्याच्या पगारी स्वारांसाठी ती नव्हती. गाडी कंपनीच्या सूचिपत्रात छापलेली, कुणालाही पैसे मोजून मिळणारी असली पाहिजे. शर्यतीच्या गाड्या ढकलून सुरू करण्याची रीत होती. इथे मात्र रस्त्यावरच्या गाडीसारखी किक मारावी लागे. एखाद्या गिरणीतल्या कारागिराने हप्त्याहप्त्याने घेतलेली गाडी ६० किलोमीटरच्या त्याच डोंगरी मार्गावर न्यावी, जिथे जगज्जेते धावतात, असे हे स्वप्न होते.

बीएसएने या स्वप्नाचा बारकाईने अभ्यास केला. युद्धोत्तर गोल्ड स्टारचे प्रत्येक इंजिन काळजीपूर्वक जुळवले जाई, त्याची शक्ती यंत्रावर मोजली जाई आणि त्या मोजणीचे प्रमाणपत्र ग्राहकाच्या हाती पडे. गाडी प्रवासासाठी हवी, डोंगरातल्या कसोट्यांसाठी हवी की शर्यतीसाठी, हे ग्राहकाने सांगायचे. त्यानुसार गियर, टाकी, हँडल बदलून मिळे. १९४९ पासून क्लबमन्सच्या ३५० सीसी गटावर या गाडीने ताबा मिळवला आणि शेवटपर्यंत सोडला नाही. १९५५ मध्ये ५०० सीसी गटात एडी डाऊ जिंकला, १९५६ मध्ये बर्नार्ड कॉड याने दोन्ही गट जिंकले. गाडी अर्थातच गोल्ड स्टार.

त्याच काळातले 'डीबीडी ३४' हे रूप पाहिले की प्रकरण कुठवर गेले होते ते कळते. पहिला गियर इतका लांब, की त्यातच गाडी ताशी ६० मैलांच्या आसपास पोहोचे. त्यामुळे गर्दीच्या रस्त्यावर निघताना क्लच बराच वेळ अर्धा दाबून ठेवावा लागे. शर्यतीसाठी बनवलेल्या कार्ब्युरेटरमुळे सिग्नलला उभे असताना इंजिन संथ चालत नसे. मूठ सतत हलती ठेवावी लागे. वेग मात्र ताशी ११० मैल. सूचिपत्रात छापलेली, कुणालाही मिळणारी, कायद्याने रस्त्यावर चालणारी अशी ही गाडी होती. तिला फक्त रस्ता आवडत नव्हता.

१९५६ नंतर क्लबमन्स बंद झाली. जवळजवळ सगळेच गोल्ड स्टार आणतात, मग स्पर्धा कसली, असा आक्षेप होता. 'गाडी फार चांगली निघाली म्हणून शर्यत मेली' असे हे प्रकरण नेहमी सांगितले जाते. मला हे अपुरे वाटते. बीएसएने कोणताही नियम मोडला नव्हता. नियमाने गाडीची व्याख्या सूचिपत्रावर सोपवली होती आणि सूचिपत्र लिहिणे कंपनीच्या हाती होते. नुकसान झाले ते वेगळी गाडी घेतलेल्या स्वाराचे. गाडी निवडतानाच तो हरला होता.

ब्रुकलँड्स गेल्यावर ट्रॅकची उणीव युद्धकाळातल्या ओस धावपट्ट्यांनी भरून काढली. सिल्व्हरस्टोन आणि थ्रक्स्टन हे दोन्ही मूळचे हवाईतळ. हीच गोष्ट आपल्याकडेही घडली. मद्रासजवळच्या शोलावरमच्या युद्धकालीन धावपट्टीवर अनेक दशके शर्यती झाल्या आणि १९८० च्या दशकात राजदूत ३५० घेतलेली मुले तिथे उतरत. तीच राजदूत बाजारात पडली, कारण पुन्हा मायलेज!

क्लबमन्सचा प्रश्न मात्र संपला नव्हता. १९८५ मध्ये सुझुकीने जीएसएक्स-आर ७५० विक्रीस आणली. ॲल्युमिनियमची हलकी चौकट आणि पूर्ण आवरण असलेली ही गाडी दीर्घ पल्ल्याच्या शर्यतींतल्या यंत्राची जवळची नातलग होती. १९८८ मध्ये जागतिक सुपरबाइक स्पर्धा सुरू झाली. रस्त्यावरच्या ठरावीक संख्येने गाड्या बनवल्या, तरच ते मॉडेल स्पर्धेत उतरवता येई. होंडाने आरसी ३० बनवली ती याच अटीसाठी, आणि पहिले विजेतेपद तिच्यावर फ्रेड मर्केलने मिळवले. बीएसएने सूचिपत्रात जे हळूहळू साधले, ते आता नियमाच्या पहिल्या ओळीतच होते: ट्रॅकसाठी गाडी बनवा, मग ती दुकानात ठेवा.

मूळ गोल्ड स्टारचे उत्पादन १९६३ मध्ये थांबले. तिला लागणारा मॅग्नेटो बनवणेच ल्यूकस कंपनीने बंद केले, हे एक कारण. बीएसएचे नाव २०१६ मध्ये मुंबईच्या महिंद्र समूहाकडे आले. ऑगस्ट २०२४ मध्ये नवी गोल्ड स्टार भारतात विक्रीस आली: ६५२ सीसी, एक सिलिंडर, सरळ बसून चालवायची शांत गाडी. सिग्नलला ती निवांत उभी राहते.