ज्यूद्वेषाचे रूपक आणि भायखळ्याचा पडताळा

जर्मन ज्यूद्वेष हा केवळ उजव्या राजकारणाचा वारसा होता, ही समजूत जितकी सोयीची तितकीच अपुरी आहे. १८४४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात मार्क्सने ज्यूंच्या राजकीय मुक्तीची बाजू घेतली. परंतु त्याच निबंधात ‘ज्यू’ हा शब्द पैशाच्या व्यवहाराचे रूपक म्हणून योजला. १८७९ मध्ये विल्हेल्म मारने ‘अँटिसेमिटिझम’ या संज्ञेला राजकीय चलन मिळवून दिले, तेव्हा रूपकाचे रूपांतर वंशकोटीत झाले. १८९३ च्या कोलोन अधिवेशनात बेबेलने सोशल डेमोक्रॅटांच्या वतीने ज्यूद्वेषाला विरोध केला. मात्र वर्गजाणीव वाढली की तो ओसरेल, हा त्यामागील भरवसा इतिहासाने फोल ठरविला. १९३५ च्या न्यूरेंबर्ग कायद्यांनी ही वंशकोटी थेट नागरिकत्वाच्या व्याख्येत बसविली.

या इतिहासाचा पडताळा भायखळ्यात घेता येतो. डेव्हिड ससून यांनी १८६१ मध्ये उभारलेले मागेन डेव्हिड सिनेगॉग येथे आहे. ससून घराण्याच्या गिरण्याही मुंबईत होत्या. ‘ज्यू भांडवलदार’ ही प्रतिमा घडण्यास लागणारी सामग्री येथे सिद्धच होती. तरीही १९२८ च्या सार्वत्रिक संपातील मागण्या वेतनाच्या आणि कामाच्या नव्या पद्धतींच्या होत्या. मालकाचा धर्म हा त्यांचा विषय नव्हता. शिवाय कोकणातून आलेले, ‘शनवार तेली’ म्हणून ओळखले जाणारे मराठीभाषक बेने इस्रायल पलटणीत, कचेऱ्यांत आणि कारागिरीत होते. बगदादी ज्यू त्यांच्या धर्मशुद्धतेविषयी शंका घेत. ज्यांच्यातच अशी दरी, त्यांचे एकच रूपक कसे व्हावे?

याचे श्रेय आपल्या सहिष्णुतेला देऊन मोकळे होता येत नाही. १९३९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गोळवलकरांच्या ‘वुई ऑर अवर नेशनहुड डिफाइन्ड’ या पुस्तकात जर्मनीच्या वंशाभिमानाचा दाखला आदराने दिला गेला, आणि त्या दाखल्याचे लक्ष्य येथील ज्यू नव्हते. म्हणजे लक्ष्य बदलले तरी बहिष्काराचे व्याकरण शाबूत राहू शकते. डाव्यांनाही यातून सुटका नाही. शोषणाची व्यवस्था एखाद्या समूहाच्या नावाने ओळखली जाऊ लागली की विश्लेषणाची जागा द्वेष घेतो. म्हणून कोणत्याही राजकीय संहितेला विचारावयाचा प्रश्न तिच्या पक्षाचा नाही. तिने माणसांना कोठे रूपक केले, हा तो प्रश्न आहे. समीक्षेचे काम नेमके तेथून सुरू होते.