‘गंगा भागीरथी’ शब्द तर पवित्र, मग आक्षेप का? जाणून घ्या शब्दांचा ‘न लिहिलेला’ अर्थ

एप्रिल २०२३ मध्ये महाराष्ट्रात एका शब्दावरून वाद पेटला. तत्कालीन महिला व बालविकास मंत्री मंगलप्रभात लोढा यांनी ‘विधवा’ऐवजी ‘गंगा भागीरथी’ म्हणजे ‘गं. भा.’ असा उल्लेख करण्याच्या प्रस्तावावर चर्चा करावी, असं पत्र आपल्या विभागाला दिलं. टीका झाल्यावर, अद्याप कोणताही निर्णय झालेला नाही, असं स्पष्टीकरणही त्यांनी दिलं.

आता शब्दकोशाच्या नजरेनं पाहिलं तर गंगा आणि भागीरथी ही पवित्र नदीची नावं. त्यात अपमानकारक काय? तरीही अनेक महिलांना हा शब्द खटकला. असं का झालं?

शब्दाला किती अर्थ असतात?

भारतीय काव्यशास्त्रात शब्दाच्या तीन शक्ती सांगितल्या आहेत.

अभिधा : शब्दाचा सरळ अर्थ. ‘गाव’ म्हणजे वस्तीचं ठिकाण.

लक्षणा : सरळ अर्थ जुळत नाही, म्हणून त्याच्याशी जोडलेला अर्थ घ्यावा लागतो. ‘जत्रेला सगळं गाव लोटलं’ म्हणजे गावातली माणसं आली, घरं नव्हेत.

व्यंजना : न बोलता सुचवलेला अर्थ. रात्री उशिरा यजमानानं पाहुण्याला ‘किती वाजले हो?’ विचारलं, तर त्याला वेळ नको असते. पाहुण्यानं आता उठावं, एवढंच म्हणायचं असतं.

या सूचित अर्थाला ‘ध्वनी’ म्हणतात. नवव्या शतकात काश्मीरमधल्या आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोक’ या ग्रंथात त्याची सविस्तर मांडणी केली.

आपण हे रोज करतो

घरातून निघताना आपण ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. नारळ ‘फोडण्या’ऐवजी ‘वाढवतो’. दुकानदार दुकान ‘वाढवतो’, म्हणजे बंद करतो. बांगडी फुटली तरी ‘वाढली’ म्हणायची पद्धत आहे. कारण ‘फुटणं’, ‘बंद होणं’ या शब्दांना अशुभाची सावली आहे. शब्द बदलला म्हणून फुटलेली बांगडी काही सांधली जात नाही. बदलतो तो फक्त ऐकणाऱ्याच्या मनात उमटणारा भाव.

मग ‘गं. भा.’मध्ये काय दडलंय?

जुन्या लग्नपत्रिका काढून बघा. ‘सौ.’ म्हणजे सौभाग्यवती. पण त्याचा न लिहिलेला अर्थ ‘नवरा हयात आहे’. ‘गं. भा.’चा न लिहिलेला अर्थ ‘नवरा हयात नाही’. पुरुषाचं काय? बायको असो वा नसो, त्याचं ‘श्री.’ कायम!

म्हणजे बाईचं नाव वाचण्याआधीच तिची वैवाहिक स्थिती कळते. आणि त्यासोबत कुंकू पुसणं, शुभकार्यात मागे राहणं, हा सगळा इतिहासही मनात येतो. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तो याच वागणुकीविरुद्ध होता. त्यानंतर वर्षभरातच नवं नाव सुचवलं गेल्यावर ‘नाव पवित्र, पण शिक्का तोच’ असं अनेकींना वाटलं, तर नवल नाही.

हा अर्थ ठरवतं कोण?

शब्दकोश नाही, वापर. ‘श्रीमती’चंच बघा. हिंदीत तो सरळ विवाहित स्त्रीसाठी वापरतात. मराठीत मात्र अनेक वर्षं तो नवरा हयात नसलेल्या स्त्रीच्या नावापुढे लागायचा. त्यामुळे आजही काही घरांत सवाष्ण बाईला ‘श्रीमती’ लिहिलं की भुवया उंचावतात. सरकारी पत्रव्यवहारात मात्र तो कोणत्याही स्त्रीसाठी चालतो. शब्द एकच, कोशातला अर्थही एकच, पण वापर बदलला की छटा बदलते.

पोस्ट करण्याआधी

‘मी तर चांगलाच शब्द वापरला होता’ असं आपण कमेंटमध्ये अनेकदा वाचतो. ते खरंही असू शकतं. पण शब्दाची छटा बोलणाऱ्याच्या हेतूवर ठरत नाही. तो शब्द आजवर कुणासाठी आणि कसा वापरला गेला, यावर ठरते. म्हणून कुणाबद्दल लिहिताना दोन प्रश्न स्वतःला विचारा. हाच शब्द मी दुसऱ्या कुणासाठी, उदाहरणार्थ पुरुषासाठी, वापरला असता का? आणि ज्यांच्याबद्दल लिहितोय, ते स्वतःला काय म्हणवून घेतात?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर शब्दकोशात सापडणार नाही. ते त्या माणसालाच विचारावं लागेल.