माडाच्या रोगापासून वणव्याच्या मेसेजपर्यंत

उपग्रह म्हटलं की आपल्याला पावसाचा अंदाज नाहीतर मोबाईलमधला नकाशा आठवतो. पण आपल्या देशात वरून जमीन तपासायची सुरुवात झाली ती माडापासून. वसईच्या वाडीवाल्यांनी हे माहीत करून घ्यावं म्हणून आज थोडा इतिहास.

केरळात माडाला 'रूट विल्ट' नावाचा जुना रोग आहे. झावळ्या ढिल्या पडतात, पिवळ्या होतात, फळ कमी होतं. माड लगेच मरत नाही, वर्षानुवर्षं खंगत जातो. पुढे कळलं की हा रोग फायटोप्लाझ्मा या सूक्ष्म जीवामुळे होतो आणि झावळीचा रस शोषणारे बारीक किडे तो एका माडावरून दुसऱ्यावर नेतात. 1970 साली इस्रोतले प्रा. पी. आर. पिशारोटी यांनी हेलिकॉप्टरमधून या बागांचे इन्फ्रारेड फोटो काढले. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे पहिले संचालक ते हेच. निरोगी पान आपल्या डोळ्याला न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश भरपूर परत फेकतं, म्हणून त्या फिल्मवर ते लालभडक उमटतं. आजारी पान फिकं दिसतं.

मग 1972 ला अमेरिकेचा लँडसॅट गेला आणि 17 मार्च 1988 ला आपला आयआरएस-1ए. युरोपचा सेंटिनेल-2 2015 पासून आहे. त्याच्या चित्रातला एक ठिपका 10 मीटर बाय 10 मीटर, म्हणजे जवळजवळ आपला एक गुंठा. त्यात दोनच माड बसतात, बघा! चित्रं फुकट मिळतात, पण पावसाळ्यात ढग आडवे येतात.

आता जंगलाकडे वळू. 1997 च्या आसपास मध्य प्रदेशात मंडला भागात सालाच्या झाडांवर खोड पोखरणाऱ्या भुंगेऱ्याची साथ आली. लाखो झाडं तोडावी लागली. कॅलिफोर्नियात दुष्काळ आणि सालीतले भुंगेरे यांनी मिळून 2010 ते 2017 मध्ये 12 कोटी 90 लाख झाडं मारली. ही मोजणी विमानातून पाहणी करून झाली. 2020 मध्ये तिथला 'क्रीक फायर' वणवा अशाच वाळक्या झाडांच्या रानातून पसरला.

आपल्या तुंगारेश्वरच्या रानात तसं नाही. सागाचं पान खाऊन जाळी करणारी अळी पावसाळा सरताना येते, पण झाड मारत नाही. वाळकं पान मात्र लवकर खाली येतं. वरून बघणाऱ्याने महिना ध्यानात धरावा. ऑक्टोबरात साग तपकिरी दिसला तर अळीचा संशय घ्यावा, फेब्रुवारीत दिसला तर ती नेहमीची पानगळ. कीड कुठली ते उपग्रह सांगत नाही, त्यासाठी झाडाखाली जाऊन पान उलटून बघावंच लागतं.

आगीचंही तेच. देहरादूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था 2004 पासून उपग्रहावरून वणव्याच्या सूचना देते. नाव नोंदवलं तर मोबाईलवर मेसेज येतो. पण आग ओळखणाऱ्या उपग्रहाचा चौकोन 375 मीटरचा, म्हणजे सुमारे 35 एकर. त्यात नेमकी कुठे पेटली ते कळत नाही. शिवाय उन्हाळ्यात आपण राब भाजतो, ती ऊबही त्याला आगच वाटते. उपग्रह फिरून येईपर्यंत तास जातात, तेवढ्यात वणवा डोंगर उतरून कुंपणाशी येतो.

म्हणून रानालगत ज्यांची वाडी आहे त्यांनी जानेवारीतच बांधाकडेचा पाला ओढून जाळरेषा मोकळी करावी. राब भाजताना वारा पडलेला असावा, पाणी हाताशी असावं. धूर दिसला तर मेसेजची वाट न बघता वनविभागाच्या 1926 नंबरला फोन करा. आणि तुमच्याकडे साग कधी जाळीदार झाला, तो महिना आणि गाव खाली कॉमेंटमध्ये लिहा. वरच्या चित्राशी ताडून बघायला खालची नोंद लागतेच.