पिंजऱ्याचे सोवळे

गेल्या श्रावणात आमच्या घरी एक लहानसा प्रसंग घडला आणि त्यावरून घरात दोन तट पडले. नातवाच्या हट्टापायी पाळलेल्या ब्रूनो नावाच्या लॅब्राडोर कुत्र्यासाठी मधल्या बोळात तारेचा एक पिंजरा ठेवलेला आहे. त्याचे दार दिवसभर उघडे असते. ब्रूनो आत असताना कोणीही आत हात घालावयाचा नाही, असा दंडक सूनबाईंनी पहिल्याच दिवशी घातला होता. ब्रूनोने आमचा चष्मा तोंडात धरून आत नेला, आम्ही दंडक विसरून हात घातला आणि मनगटावर दात उमटले. रक्त नाममात्र निघाले. सुया मात्र रीतसर टोचून घ्याव्या लागल्या.

आमच्या सौभाग्यवतींचे म्हणणे असे, की आपलेच अन्न खाऊन धन्यावर दात उगारणारे जनावर घरात नको. देवघराचे सोवळे या घरातून कधीच गेले, आता कुत्र्याच्या पिंजऱ्याचे पाळावयाचे काय? सूनबाई म्हणाल्या, चूक बाबांची आहे. कुत्रा कोणास तरी देऊन टाकावा, इथपर्यंत गोष्ट गेली. आम्ही स्वतःच प्रतिवादी असल्यामुळे निवाडा करण्यास अपात्र होतो. परंतु उभी हयात सरकारी कचेरीत गेलेली; प्रकरण पुढे आले की मागील कागद पाहावेत, ही सवय सुटत नाही. तेव्हा जनावराला हक्काची जागा असावी काय, याचे मागील कागद आम्ही चाळू लागलो.

पहिला कागद घरचाच निघाला. बडोद्याचे अग्गड आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. खंडेराव महाराजांच्या कारकिर्दीत (१८५६ ते १८७०) तेथे हत्तींच्या झुंजी आणि साठमारी होत असे. महाराजांचा पाहुणचार घेतलेला फ्रेंच प्रवासी लुई रूसले याने त्याचे वर्णन लिहून ठेवले आहे. मस्तावलेल्या हत्तीस माणसे डिवचीत आणि तो अंगावर आला की पळत सुटत. त्यांच्यासाठी भिंतींत जागोजागी अरुंद दारे ठेवलेली होती. माणूस त्यातून निसटे, हत्ती मावत नसे. कोल्हापुरातही साठमारीचे मैदान होते. खेळाची सारी मौज या दारांवर अवलंबून होती. बाहेर पडण्याची वाट कोणाला असावी हे बांधणाराने आधीच ठरविलेले होते, आणि ती हत्तीला नव्हती.

शिकारी चित्त्यांची तऱ्हा याहून निराळी. बडोदे आणि कोल्हापूर या दोन्ही संस्थानांत ते बाळगले जात. लाहोरच्या कलाशाळेचे प्राचार्य लॉकवुड किपलिंग यांनी १८९१ सालच्या आपल्या ग्रंथात चित्ता माणसाळविण्याची रीत सांगितली आहे. त्याला खाटेवर बांधून ठेवीत आणि बायकामुलांना दिवसभर त्याच्याजवळ बसून बोलत राहावयास लावीत. म्हणजे एकांत काढून घेणे हीच येथे विद्या होती. ती सफल होत असे हे नाकारता येत नाही. सौभाग्यवतींच्या बाजूने हा कागद भक्कम आहे, असे आम्ही त्यांना प्रांजळपणे सांगितले.

परंतु तिसरा कागद स्वित्झर्लंडचा. हाइनी हेडिगर (१९०८–१९९२) हे बर्न, बाझल आणि झुरिच येथील प्राणिसंग्रहालयांचे क्रमाने संचालक होते. १९४२ साली त्यांनी बंदिवासातील वन्य प्राण्यांवर ग्रंथ लिहिला. पिंजरा किती मोठा आहे एवढेच पाहू नका, असा त्यांचा आग्रह होता. त्या जागेत जनावरास नजरेआड होता येते काय, हेही पाहावे. रुळलेले जनावर पिंजऱ्यास तुरुंग मानीत नाही, आपले वतन मानते. त्यांनी दोन अंतरे सांगितली. माणूस पहिल्या अंतराच्या आत आला की जनावर पळते. पळावयास वाट नसेल आणि माणूस आणखी जवळ येऊन दुसरे अंतर ओलांडील, तर ते उलटून हल्ला करते. सर्कशीतील सिंहाचा खेळ या दोन अंतरांच्या सीमेवरच चालतो, हे त्यांनी उलगडून दाखविले.

हे आम्ही जेवताना सांगत होतो, तेव्हा नातू म्हणाला, "आजोबा, तुम्ही दारातच बसला होतात."

वाचकहो, आमच्या चौकशीत हा मुद्दा आलाच नव्हता! अग्गडात माणसांना जागोजागी दारे होती. आमच्या पिंजऱ्यास दार एकच, आणि ते आम्ही अडविले होते.

पिंजऱ्याचे समर्थक सांगतात, की कुत्रा हा मुळात गुहेत राहणारा प्राणी, म्हणून त्याला पिंजरा आवडतोच. हे आम्हांस पटत नाही. रस्त्यावरची कुत्री बिळाचा आसरा घेते ती मुख्यत्वे पिलांसाठी, आणि कोलकात्याच्या संशोधकांना असे आढळले की ती जागाही ती बहुधा माणसांच्या वस्तीजवळ निवडते. स्वीडन आणि फिनलंडमध्ये तर प्रवास, प्रदर्शन अशी कारणे सोडून कुत्र्याला घरी पिंजऱ्यात कोंडून ठेवण्यास कायद्याने मनाई आहे. तेव्हा पवित्र काही असेल तर ते उघडे दार आहे, पिंजरा नव्हे. दार उघडे ठेवून आत हात घालावयाचा नाही, हा सूनबाईंचा दंडक आम्ही योग्य ठरवितो. अपवाद एकच: जनावराच्या जिवाशी गाठ असेल तेव्हा. चष्मा त्यात बसत नाही.

ब्रूनो घरीच आहे. पिंजरा बोळातून हलवून जिन्याखाली भिंतीच्या आडोशाला नेला आहे. चष्मा पुन्हा दोनदा आत गेला. दोन्ही वेळा सौभाग्यवतींनी दूर उभे राहून भाकरीचा तुकडा दाखविला आणि तो बाहेर आला. दुसऱ्या खेपेस काच फुटलेली होती.