पोटातलं मत आणि पेटीतलं मत



निवडणूक जवळ आली की गावाचा आवाज बदलतो. भोंगा लावलेली गाडी दिवसातून चार वेळा फिरते. पारावर पैजा लागतात. आणि आपल्याला कुणी विचारलं, "काय गं, यंदा कुणाला?" तर आपण हसून म्हणतो, "घरात ठरेल तसं." मत नसतं असं नाही. मत पोटात असतं. आज मी तुम्हाला अशा एका निवडणुकीची गोष्ट सांगणार आहे, जिच्यात साऱ्या देशानं मत पोटात ठेवलं होतं. ती निवडणूक १९७७ सालची.

आधी थोडं मागे जाऊ. २५ जून १९७५ च्या रात्री देशात आणीबाणी लागू झाली. पंतप्रधान होत्या इंदिरा गांधी. विरोधी पक्षांचे पुढारी रातोरात पकडले गेले. पुढच्या काळात एक लाखाहून जास्त माणसं तुरुंगात गेली. वर्तमानपत्रात काय छापायचं यावर सरकारचा पहारा बसला. आपल्या कऱ्हाडला त्याच वर्षी मराठी साहित्य संमेलन भरलं. अध्यक्ष होत्या दुर्गा भागवत. या बाई व्यासपीठावरून लेखनाच्या स्वातंत्र्याबद्दल स्पष्ट बोलल्या. पुढे त्यांनाही अटक झाली.

पण खेड्यातल्या माणसाला सगळ्यात जास्त झोंबली ती नसबंदी. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. त्यातल्या बहुतेक पुरुषांच्या होत्या. सरकारी नोकरांना आकडे ठरवून दिले होते. आकडा भरला नाही तर पगार अडे. मग माणसं धरून आणली जाऊ लागली. उत्तर हिंदुस्थानात तर गाडी दिसली की पुरुष शेतात पळत, असं सांगतात.

दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. याच काळात वेठबिगारी बंद करणारा कायदा झाला. सावकाराच्या कर्जातून गरिबाला सोडवायचे हुकूम निघाले. गाड्या वेळेवर धावतात, कचेरीत साहेब जागेवर सापडतो, असंही पुष्कळ लोक म्हणत. म्हणजे लोकांची मतं दोन होती, आणि दोन्ही अनुभवातूनच आली होती.

१८ जानेवारी १९७७ ला इंदिराबाईंनी अचानक निवडणूक जाहीर केली. तुरुंगाची दारं उघडली. बाहेर आलेल्यांनी चार पक्ष एकत्र करून जनता पक्ष उभा केला. काँग्रेसची खूण होती गाय-वासरू. जनता पक्षाची खूण होती चक्रातला नांगरधारी शेतकरी. तयारीला जेमतेम दोन महिने. पैसा नाही, गाड्या नाहीत. सभेतच चादर पसरायची आणि लोकांनी त्यात नाणी टाकायची, असा तो प्रचार. दुर्गाबाई आणि पु. ल. देशपांडे यांच्यासारखे लेखकही सभा घेऊ लागले. आणि आपल्या रेडिओशी संबंध असलेली एक गोष्ट सांगते. आकाशवाणीवरून पक्षांना आपलं म्हणणं मांडायला वेळ मिळाला तो याच निवडणुकीत, पहिल्यांदा.

पण लोक काय म्हणत होते? बरेच जण काहीच म्हणत नव्हते. दीड वर्षाची भीती अंगात मुरलेली. सभेला गर्दी होई, सगळे ऐकत, आणि मुकाट्यानं घरी जात. या गप्प माणसांच्या मनात काय आहे, ते भल्याभल्यांना ओळखता आलं नाही.

मतदान झालं १६ ते २० मार्चला. मग पेट्या उघडल्या. उत्तर प्रदेशात ८५ पैकी ८५ जागा जनता पक्षाला. बिहारमध्ये ५४ पैकी ५२. स्वतः इंदिरा गांधी रायबरेलीत सुमारे ५५ हजार मतांनी हरल्या. २१ मार्चला आणीबाणी उठली. दक्षिणेत मात्र उलटं घडलं. आंध्रात ४२ पैकी ४१ जागा काँग्रेसनं जिंकल्या. आणि महाराष्ट्रात? १९७१ ला काँग्रेसला ४५ पैकी ४२ जागा मिळाल्या होत्या. १९७७ ला ४८ पैकी २०.

मुंबईतून दोन बाया लोकसभेत गेल्या, मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर. दोघी वेगवेगळ्या पक्षांच्या. पण त्याआधी महागाईविरुद्ध दोघींनी मिळून बायकांचे लाटणे मोर्चे काढले होते. तेल, साखर, रॉकेल हे त्यांचं राजकारण. गोरेगावात पाण्यासाठी लढल्या म्हणून मृणालताईंना लोक पाणीवाली बाई म्हणत. त्या जिंकल्या तेव्हा मुंबईत घोषणा झाली, "पानीवाली बाई दिल्ली में, दिल्लीवाली बाई पानी में." तरीही एक गोष्ट लक्षात ठेवा. त्या लोकसभेत ५४२ जागांवर निवडून आलेल्या बाया होत्या अवघ्या १९. मत द्यायला बाई चालते, तिकीट द्यायला चालत नाही, हे दुखणं जुनंच आहे.

गोष्ट इथे संपत नाही. जनता पक्षाचे पुढारी आपसात भांडले. १९७९ च्या जुलैत मोरारजी देसाईंचं सरकार पडलं. महागाई वाढली, कांदा परवडेना, आणि १९८० च्या निवडणुकीत कांद्याचा भाव प्रचारात आला. तीन वर्षांपूर्वी ज्यांनी इंदिराबाईंना घालवलं होतं, त्याच मतदारांनी त्यांना ३५३ जागा देऊन परत आणलं. महाराष्ट्रात ४८ पैकी ३९.

मग काय, लोक चंचल होते? मला तसं वाटत नाही. पक्ष म्हणजे सासर-माहेर नव्हे, की एकदा ठरलं ते जन्माचं. मत म्हणजे हिशेब. दिलेलं काम झालं का, पाच वर्षांत आपल्याला काय सोसावं लागलं, हे बघून दिलेला कौल. १९७७ ला हिशेब एक निघाला, १९८० ला दुसरा. बघणारी माणसं तीच होती.

आणि हे जमलं ते मत गुप्त होतं म्हणून. उघड हात वर करायला लावले असते, तर त्या मार्चमध्ये किती हात वर गेले असते?

आज पेटीच्या जागी यंत्र आहे. बटण दाबलं की शेजारच्या काचेत सात सेकंद चिठ्ठी दिसते आणि आत पडते. आपण कुणाला मत दिलं याची खात्री फक्त आपल्याला होते. गावच्या केंद्रावर कुणाला किती मतं पडली, ते मोजणीनंतर कळतं. पण कुठलं मत तुमचं, ते कळत नाही. साडी देणाऱ्याला नाही, पुढाऱ्याला नाही, आणि मैत्रिणींनो, घरच्यांनाही नाही.

तेव्हा पुढच्या गटाच्या बैठकीत एक करा. कुणाला मत द्यायचं हे मुळीच विचारू नका. गेल्या पाच वर्षांत आपल्या गावात पाणी, रेशन, दवाखाना, रोजगार यांचं काय झालं, तेवढं एकेकीनं सांगा. ज्याला जे पटेल ते त्यातून निघेल, आणि ते जिच्या तिच्या पोटात राहू द्या. "कुणाला?" असं कुणी विचारलं तर हसायला हरकत नाही. फक्त "घरात ठरेल तसं" हे उत्तर नुसतं सांगण्यापुरतं असावं, खरं नसावं.

येते मी. पुन्हा भेटू.