मूळ गाडी कोणती?

जुनी स्पोर्ट्स कार हाती आली की मालकापुढे प्रश्न उभा राहतो : नवे इंजिन, नवे ब्रेक बसवायचे, की गाडी जशीच्या तशी राखायची? १९९० साली हा वाद लंडनच्या न्यायालयात गेला होता.

‘ओल्ड नंबर वन’ ही बेंटली स्पीड सिक्स. वूल्फ बार्नाटोने जोडीदारांसह तिच्यावर १९२९ आणि १९३० साली ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकली. पुढे तिला आठ लिटरचे इंजिन बसले. १९३२ साली ब्रुकलंड्सच्या शर्यतीत तिला अपघात होऊन चालक क्लाइव्ह डन्फी मरण पावला. मग तिची नव्याने बांधणी झाली. १९९०मध्ये एक कोटी पौंडांना सौदा ठरला. पण घेणाऱ्याने हरकत घेतली, ही ती गाडीच नव्हे!

१९२९च्या गाडीचे जवळजवळ काहीच उरलेले नाही, हे न्यायालयालाही दिसले. तरी निकाल विकणाऱ्याच्या बाजूने लागला. कारण बदल होत गेले ते त्याच एका गाडीत. तिचा इतिहास कुठे तुटला नव्हता.

तेव्हा बदल करायचाच तर काढलेला भाग जपून ठेवावा, प्रत्येक कामाची तारीखवार नोंद करावी. सुटा भाग पुन्हा बसवता येतो; पुसलेला इतिहास नाही.